स्नायडर-एन्फिल्ड घ्यावी की नाही: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात मी एक स्नायडर-एन्फिल्ड, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश लष्करी रायफल, विकत घेतली. आता ऑगस्ट सरत आलाय. या काळात तिच्यातून ३१० बार काढले आणि प्रत्येकाची वहीत नोंद ठेवली. इथे ह्यूस्टनमध्ये ओळखीतल्या तिघांनी विचारलं, ‘आपणही एखादी जुनी, काळ्या दारूची (जुन्या गनपावडरची), काडतुसाची रायफल घ्यावी का?’ तिघांनाही फोनवर अर्धवट उत्तरं दिली गेली, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

बाजारात या जातीच्या रायफली बऱ्याच आहेत. अमेरिकन माणूस बहुधा ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड ही त्याच काळातली अमेरिकन लष्करी रायफल घेतो, कारण तिचं काडतूस आजही दुकानात तयार मिळतं. मला स्नायडरच हवी होती, कारण तिच्यात आपला इतिहास दडलेला आहे. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले, ती काडतुसं १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्डची होती. तोंडाकडून दारू भरायची बंदूक ती. पुढे १८६६ पासून ब्रिटिशांनी त्याच एन्फिल्डच्या नळीचा मागचा अडीच इंच तुकडा कापला आणि तिथे बाजूला उघडणारं लोखंडी झाकण बसवलं. ही युक्ती जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची. मिनिटाला तीन बार काढणारा शिपाई एकदम दहा बारांवर गेला.

उठावानंतर देशी शिपायांच्या हाती काही वर्षं मुद्दाम आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) नसलेल्या नळीची बंदूक दिली गेली. नंतर स्नायडर मिळाली, पण तोवर गोऱ्या पलटणींना तिच्याहून नवी मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली होती. कायम एक पिढी मागे ठेवायचं, असं ते धोरण. २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळ मैवंदच्या लढाईत अफगाण सरदार अयूब खानाच्या फौजेपुढे बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि ३० वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री उभ्या होत्या त्या स्नायडर घेऊन. शेजारच्या ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी होती. मी मूळचा चिपळूणचा. मुंबई इलाख्याच्या त्या पलटणींबद्दल वाचलं की ती रायफल हातात घेतल्यावर वजन कसं वाटत असेल, हा प्रश्न मनात यायचाच. आता उत्तर माहीत आहे: खांद्यावर तासभर ठेवली की कळतं. जवळजवळ नऊ पौंड, लांबी साडेचार फुटांच्या वर, आणि सगळा भार पुढच्या बाजूला.

खरेदीची गोष्ट जरा लांबवून सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. पहिली पाहिलेली रायफल दिसायला फार देखणी होती. लाकडाला तकाकी, पितळ चकचकीत, कुलपाच्या (घोडा उडवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट आणि खाली व्ही आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरं. नळीत दिवा टाकून पाहिलं तर मागच्या चार इंचांत गंजानं खाल्लेले खड्डे. कोणीतरी बाहेरून पॉलिश मारून आत तसंच सोडलं होतं. मी ती सोडून दिली. दुसऱ्या एका रायफलीवर व्ही आर होतं आणि साल होतं १९०६. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्येच वारली, म्हणजे ती खैबरकडच्या कारागिरांची नक्कल. अशा नकला अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी खूप आणल्या आहेत. भिंतीवर टांगायला त्या सुंदर, पण त्यातून बार काढू नये. अक्षरं उलटी कोरलेली, ठसे वाकडेतिकडे, स्क्रूच्या खाचा ओबडधोबड दिसल्या की शंका घ्याच.

तिसरी घेतली. लाकूड कळकट, दस्त्याला एक जुनी चीर, पितळ काळवंडलेलं. पण नळीतले तिन्ही आटे शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होते आणि झाकण बंद केल्यावर हलत नव्हतं. ती मार्क तीन आहे, म्हणजे जुन्या एन्फिल्डचं रूपांतर नव्हे, नव्यानं घडवलेली. नळी पोलादी आणि झाकणाला स्वतंत्र खटका. आधीच्या प्रकारांत झाकण नुसत्या स्प्रिंगवर टिकतं. इतिहासाच्या ओढीनं मला खरं तर रूपांतरित हवी होती, १८५७ च्या जमान्यातल्या नळीची. पण बार काढायचे असतील तर मार्क तीनच घ्या, असं माझं ठाम मत झालंय. ११०० डॉलर दिले. नळी आणि झाकण आधी एका जाणत्या बंदूक-दुरुस्तीवाल्याला दाखवलं. पहिले दोन बार रायफल टायरला बांधून, लांबून दोरीनं चाप ओढून काढले. कोणी कितीही हमी दिली तरी दीडशे वर्षांच्या लोखंडाला पहिल्याच दिवशी गाल टेकवू नका.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटीक’ धरली जाते, म्हणून नेहमीच्या बंदुकीची कागदपत्रं लागत नाहीत. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत, ते आधी वाचा. आणि भारतात नेण्याचा विचारही करू नका. तिथे १८६८ ची असली तरी चालू स्थितीतली बंदूक ही बंदूकच, परवाना लागतो.

काडतूस हा सगळ्यात मोठा खर्च आहे, पैशाचाही आणि वेळेचाही. दुकानात जाऊन डबा उचलावा असं हे काडतूस नाही. मी २४ गेज मापाच्या पितळी शॉटगन केस (काडतुसाची रिकामी नळकांडी) आणल्या, दोन इंचांवर कापल्या, आकार दिला. गोळीचा साचा, केसला आकार देणारा डाय, शिसं, दारू मिळून आणखी ६०० डॉलर तीन महिन्यांत गेले. यातले शंभर डॉलर तर माझ्या घाईमुळे वाया गेले. या काडतुसाच्या नावात .५७७ (इंच) आहे म्हणून मी त्याच मापाच्या गोळ्या मागवल्या. पन्नास यार्डांवर कागदावर गोल भोकाऐवजी आडवी फाट पडायची, गोळी उलटीपालटी होत जात होती. मग नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढला आणि मोजला: आट्यांच्या खोलीपर्यंत .५९३ इंच. नावातलं माप कागदावरचं, नळीचं माप नळीतच. पोकळ बुडाची, मऊ शिशाची, मोठ्या मापाची गोळी ओतायला लागलो आणि पाच बार तळहाताएवढ्या जागेत यायला लागले. शंभर यार्डांवर अजून तेवढं जमत नाही. जुने साइट मुळातच वर मारतात, तिथे निशाण खाली धरावं लागतं.

दारू फक्त खरी काळी. धूरविरहित आधुनिक पावडर चिमूटभरही नाही, तिच्या दाबासाठी ही नळी बनलेलीच नाही. मूळ लष्करी काडतुसात ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) दारू असायची. मी त्याहून बरीच कमी घेतो, आणि दारू व गोळी यांच्यात पोकळी राहू नये म्हणून मधली जागा भरून काढतो. घरात साठवताना लक्षात असू द्या की ही ठिणगीवर पेटणारी वस्तू आहे. माझी गॅरेजमध्ये, मूळ डब्यातच, वॉटर हीटरपासून लांब असते. घरात लहान मुलं असतील तर हा मुद्दा बंदुकीच्या किमतीच्याही आधी घरच्यांशी बोलून ठरवा. आमच्याकडे त्यावर दोन संध्याकाळी गेल्या आणि ते योग्यच झालं.

बार कसा असतो? आधुनिक रायफलीचा धक्का चपराकीसारखा बसतो, हिचा धक्का खांद्याला ढकलल्यासारखा. आवाज भारी, घुमणारा. आणि धूर! दमट, वारा नसलेल्या सकाळी तीन बारांनंतर समोरचा कागद दिसेनासा होतो. मैवंदच्या धुळीत आणि धुरात तास न् तास उभ्या राहिलेल्या माणसांना काय दिसत असेल, हे मला त्या पांढऱ्या पडद्यामागे उभं राहून पहिल्यांदा कळलं. ही समज मला वाचून आली नव्हती. धुरामुळेच नेमबाजीच्या बऱ्याच बंदिस्त रेंज काळी दारू चालू देत नाहीत, तेव्हा जवळच्या उघड्या रेंजला आधी विचारा.

बार झाल्यावर झाकण उघडून मागे ओढलं की केस थोडी बाहेर सरकते, मग रायफल उजवीकडे उपडी करून ती खाली पाडायची. पंधरा-वीस बारांनंतर काजळी साचली की केस अडते. गजानं हलकेच ढकलावी लागते.

आता साफसफाई. काळी दारू जळली की तिच्यातलं अर्ध्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे उरतं. ती राख हवेतला ओलावा ओढते. कोरड्या प्रदेशात ती दगडासारखी घट्ट होते. ह्यूस्टनच्या दमट हवेत ती मऊ राहते, काढायला सोपी, पण गंज झपाट्यानं धरतो. कोकणातल्या पावसात अंगणात विसरलेल्या कोयत्याला सकाळपर्यंत जे होतं, तेच. एप्रिलमध्ये रेंजवरून थेट एका बारशाला गेलो आणि ‘उद्या सकाळी बघू’ म्हटलं. सकाळी नळीत नारिंगी थर. तो निघाला, पण आट्यांवर एक फिकट डाग कायमचा राहिला. दीडशे वर्षं लोकांनी जपलेल्या नळीवर तो डाग माझ्या हातून पडला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नियम पक्का: रेंजवरून घरी आलो की जेवणाआधी गरम पाणी, फडकी, मग तेल. झाकण, टोचणी (काडतुसाच्या टोपीवर आदळणारी खीळ), कुलपाची पट्टी धरून पाऊण तास लागतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी हाच प्रश्न करतो: रविवारी दमून आल्यावरही तो पाऊण तास द्याल का? नाही म्हणालात तर साफ, सुंदर नक्कल घ्या आणि भिंतीवर लावा, त्यातही आनंद आहे. हो म्हणालात तर आणखी तीन गोष्टी: नळीत दिवा टाकून पाहा, झाकण हलवून पाहा, आणि किमतीच्या निम्मी रक्कम काडतुसांसाठी बाजूला ठेवा. लाकडाची चीर, काळं पितळ याकडे दुर्लक्ष करा. माझ्या दस्त्याची चीर मी सरसानं सांधली, पण पितळ घासलं नाही. त्यावर कोरलेले आकडे पुसट आहेत, कोणत्या पलटणीचे ते अजून लागलेलं नाही. भिंग आणि वही घेऊन शनिवारी पुन्हा बसणार आहे.