इम्प्लांट असताना मॅमोग्राफी : आठ फोटो काढणारं सेंटर शोधा

मला दोन्ही स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट आहेत, नऊ वर्षं झाली, आणि हा रिव्ह्यू खास अशाच बायकांसाठी लिहितेय कारण मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेसाठी, ज्या सेंटरला गेले (नाव नको) तिथे फॉर्मवर इम्प्लांटचा प्रश्नच नव्हता. मी आपणहून सांगितलं तर टेक्निशियन म्हणाली मग हळूच दाबते हं, आणि चार फोटो काढून दहा मिनिटांत मोकळी केली. रिपोर्ट नॉर्मल, मी खूश. मग आमच्या डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली. मधोमध पांढराशुभ्र गोळा आणि कडेने थोडंसं टिश्यू, म्हणजे स्तनाचा स्वतःचा भाग. त्या म्हणाल्या, "बाकीचे चार कुठायत?"

तेव्हा कळलं की सिलिकॉनमधून एक्स-रे आरपार जात नाही, त्यामुळे इम्प्लांटच्या मागे-पुढे जे असेल ते झाकलं जातं. म्हणून नेहमीचे चार फोटो झाले की इम्प्लांट मागे सारून आणखी चार काढायचे असतात, म्हणजे एकूण आठ. एकलंड नावाच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणजे काही नवीन नाहीये, तरी मला कोणी साधा शब्द बोललं नाही याचा अजून राग येतो. पहिल्या चार फोटोंना हलकं दाबणं बरोबरच होतं, पण तिथेच थांबणं चूक होतं.

यंदा दुसरीकडे गेले. फोनवरच विचारलं, इम्प्लांट मागे सारून फोटो काढता का? लगेच हो म्हणाले, आणि वेळ जास्त लागतो म्हणून मोठा स्लॉट दिला. तिथल्या टेक्निशियन ताईंनी आधी हाताने चाचपून इम्प्लांटची कड कुठे आहे ते पाहिलं, मग बोटांनी तो छातीकडे मागे ढकलत पुढचं टिश्यू हळूहळू ओढून प्लेटवर घेतलं, आणि वरची प्लेट खाली येऊन टिश्यू पकडेपर्यंत हात सोडला नाही. "ताई, आता श्वास रोखा." दुखलं, खोटं नाही सांगत, पण काही सेकंदच, आणि दर वेळी आधी सांगून करत होत्या. फुटेल का ही माझी मोठी भीती होती, तर म्हणाल्या क्वचित होऊ शकतं, पण तेवढ्यासाठी तपासणी टाळू नका.

माझे इम्प्लांट स्नायूखाली आहेत म्हणून सरकवणं सोपं गेलं म्हणे. स्नायूच्या वर असतील तर जास्त झाकतात, आणि भोवतीचं आवरण घट्ट होऊन कडक झालं असेल तर मागे सरकतच नाहीत, मग वेगळ्या कोनातून फोटो किंवा सोनोग्राफी जोडावी लागते.

एवढं करूनही सगळं दिसतं असं नाही. २००४ मध्ये जामा या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात काही लक्षण नसलेल्या बायकांमधले कॅन्सर मॅमोग्राफीत इम्प्लांट असताना ४५ टक्के सापडले आणि नसताना जवळपास ६७ टक्के. वाचून पोटात गोळा आला माझ्या, पण त्याच अभ्यासात इम्प्लांटवाल्यांचे कॅन्सर जास्त वाढलेल्या अवस्थेत सापडले असं काही दिसलं नाही. तरी गाठ, काखेत सूज किंवा एकाच बाजूला अचानक फुगवटा आला तर मागचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून बसून राहू नका प्लीज.

आणखी एक गोंधळ इथल्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी दूर केला. सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत फुटलाय का ते मॅमोग्राफीत नीट कळत नाही, त्याला एमआरआय किंवा सोनोग्राफी लागते. फुटलाय का ते पाहण्यासाठीचा एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून देतात त्या औषधाशिवाय) होतो आणि कॅन्सरसाठीचा कॉन्ट्रास्ट देऊन, त्यामुळे चिठ्ठीवर नेमकं कशासाठी ते लिहून घ्या. कॅन्सरमुळे पूर्ण स्तन काढून इम्प्लांट बसवला असेल तर त्या बाजूची मॅमोग्राफी बहुतेक वेळा लागतच नाही, पण दुसऱ्या बाजूची चालू ठेवावी लागते.

तक्रार एकच, रिपोर्टला चार दिवस लागले आणि ते चार दिवस झोप नव्हती. एक स्टार त्याचा कापला, बाकी चार त्या ताईंच्या हातांना. रिपोर्टमध्ये आठही फोटोंची नोंद आहे, सीडीपण मागून घेतली, पुढच्या वर्षी तुलनेला हीच नेणार.