टॅरोच्या पत्त्यांवरील हिब्रू अक्षरे : एका स्वस्त संचाचे परीक्षण

राइडर-वेट-स्मिथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टॅरो संचाची, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरतात त्या चित्रपत्त्यांची, एक स्वस्त आवृत्ती मी गेल्या महिन्यात साडेसहाशे रुपयांना ऑनलाइन मागवली. भविष्य पाहण्यात मला रस नाही. मला हा संच हवा होता तो त्यावरील हिब्रू अक्षरांसाठी, आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे. कागद जाड आहे, पिसताना पत्ते एकमेकांना चिकटत नाहीत, खोकेही मजबूत आहे. तक्रार आहे ती छपाईबद्दल आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेबद्दल.

टॅरो ही प्राचीन ज्यू ऋषींची गुप्त विद्या आहे, असे ही पुस्तिका पहिल्याच पानावर ठामपणे सांगते. प्रत्यक्षात हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निव्वळ खेळण्यासाठी निघाले आणि त्यांतील बावीस खास पत्त्यांचा हिब्रू वर्णमालेतील बावीस अक्षरांशी संबंध १७८१ मध्ये पॅरिसमध्ये छापलेल्या एका ग्रंथात जोडला गेला. पुढे कॅथलिक पाद्री होता होता राहिलेल्या आल्फोंस लुई कॉन्स्तां या फ्रेंच गृहस्थाने आपले नावच हिब्रू वळणाचे करून ‘एलिफास लेव्ही’ असे घेतले आणि १८५०च्या दशकात या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्या मंडळाने ती उचलली. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचाचे योजक आर्थर एडवर्ड वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ हे दोघेही त्याच मंडळाच्या परंपरेतले.

या मंडळींना कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, भेटली ती मुख्यतः कागदावर, आणि तीही भाषांतरांतून. क्नोर फॉन रोझेनरोथ या जर्मन ख्रिस्ती विद्वानाने १६७७ ते १६८४ या काळात काढलेला लॅटिन संग्रह, आणि त्यातील काही भागाचे मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मॅदर्स यांनी १८८७ मध्ये केलेले इंग्रजी भाषांतर, हा त्यांचा मोठा आधार होता. गंमत अशी की या मंडळात दीक्षा घेणारी पहिली व्यक्ती ज्यू घरातली होती : तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांची बहीण मोइना, जी पुढे मॅदर्स यांचीच पत्नी झाली. पुस्तिकेत तिचे नावही नाही.

मूळ चित्रे मात्र खरोखर विचारपूर्वक केलेली आहेत. ‘हाय प्रीस्टेस’च्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरील बी आणि जे ही अक्षरे म्हणजे बायबलमधील शलमोन राजाच्या मंदिरातील बोआज आणि याखीन हे स्तंभ होत, आणि तिच्या हातातील गुंडाळीवर ‘तोरा’ (ज्यूंचा धर्मग्रंथ) असे रोमन लिपीत लिहिलेले आहे. ‘टेन ऑफ पेंटॅकल्स’मधील दहा नाणी कब्बालातील दहा सेफिरोथांच्या, म्हणजे ईश्वरी शक्तींच्या, जीवनवृक्षाप्रमाणे मांडली आहेत, आणि हे ठाऊक नसेल तर ती नुसती विखुरल्यासारखी दिसतात. जुन्या संचांत सहसा आठवा असणारा ‘जस्टिस’ येथे अकरावा होतो आणि ‘स्ट्रेंग्थ’ आठव्या जागी येतो, तो बदलही मनमानी नाही. ‘सेफेर येत्सिरा’ या प्राचीन हिब्रू ग्रंथात वर्णमालेतील नववे अक्षर तेत सिंह राशीशी आणि बारावे लामेद तूळ राशीशी जोडलेले आहे. शून्य क्रमांकाच्या ‘फूल’ला पहिले अक्षर आलेफ दिले की सिंहाचा पत्ता ‘स्ट्रेंग्थ’ आठवा आणि तराजूचा ‘जस्टिस’ अकरावा येतो. एका ज्यू ग्रंथाने इटालियन पत्त्यांचा क्रम असा बदलायला लावला, आणि मला वाटते या संचातील सर्वांत रोचक गोष्ट हीच आहे. पुस्तिका यावर एक अक्षर खर्च करत नाही.

छपाईने तर कहर केला आहे. ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’च्या चक्रावर योद, हे, वाव, हे ही ईश्वराच्या नावाची चार अक्षरे आहेत. या आवृत्तीत चित्र इतके लहान आणि शाई इतकी गडद आहे की ‘हे’ अक्षराच्या डाव्या पायावरची फट बुजून त्याचे ‘खेत’ हे वेगळेच अक्षर झाले आहे. ‘टेंपरन्स’च्या गळ्याजवळील तीच अक्षरे तर भिंगातूनही लागत नाहीत. ठाण्यातील माझ्या बेने इस्राएल मित्राच्या आईला मी चक्राचा पत्ता दाखवला. ज्यू परंपरेत ते नाव उच्चारत नाहीत आणि ते लिहिलेला कागद फेकून न देता दफन करतात, त्यामुळे त्या रागावतील अशी मला धास्ती होती. मावशींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, हे ते नाव नाहीच. खुशाल टाक रद्दीत.”

वेट यांच्याबद्दल मात्र मी इतका निर्दय होणार नाही. कब्बालाचे थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी लेव्ही आणि पुढे याच मंडळातून निघालेले इंग्रज गूढवादी क्रोली यांची भोंदू म्हणून संभावना केली, परंतु वेट यांना खरी अंतर्दृष्टी असल्याचे मान्य करून इतिहास आणि भाषाशास्त्र यांबाबतच्या त्यांच्या बेफिकिरीबद्दल खेद व्यक्त केला. हा संच पाहताना ते दोन्ही पटते.

केवळ पत्ते मांडण्यासाठी ही आवृत्ती चालेल. अक्षरे वाचायची असतील तर जुन्या रंगसंगतीची, मोठ्या आकाराची प्रत घ्यावी, मग दुप्पट पैसे पडले तरी हरकत नाही. आणि पुस्तिका, कोणत्याही आवृत्तीची असो, खोक्यातच राहू द्यावी.