बाग केव्हा द्यावी? ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल २५’ दोन हिवाळे खेळल्यानंतर

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकावर खेळायचा खेळ असला तरी त्यात स्वतः बॅट फिरवावी लागत नाही. आपण एखाद्या संघाचे जनरल मॅनेजर होतो आणि कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा, कोणाला किती वर्षांसाठी किती पैसे द्यायचे, हे ठरवतो. सामने संगणक खेळवतो. मार्कुस हाइनसोन या जर्मन संगणकतज्ज्ञाने सुरू केलेल्या या खेळाची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, आणि आता दर वर्षी अमेरिकेतील हंगामाच्या तोंडावर नवी आवृत्ती येते. मी खेळलो ती २०२४ ची, म्हणजे ‘२५’ या क्रमांकाची. नाशिकला गंगापूर रोडवर मी हिशेब आणि कर-सल्ल्याचे काम करतो, घरची अडीच एकर द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे, आणि बेसबॉलशी माझा संबंध या खेळापुरताच आला. तेव्हा हे परीक्षण जाणकाराचे नाही, आकडे वाचण्याची सवय असलेल्या माणसाचे आहे, आणि त्याचा बहुतांश भाग खेळातल्या एकाच पानाविषयी आहे. ते पान म्हणजे तरुण खेळाडूपुढे दीर्घ मुदतीचा करार ठेवण्याचे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आयपीएलमध्ये दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मोजके खेळाडू राखून बाकीचा संघ पुन्हा उभारावा लागतो, त्यामुळे वैभव सूर्यवंशीसारखा मुलगा तेराव्या वर्षी १ कोटी १० लाखांना घेतला तरी त्याला पुढील दहा वर्षे बांधून ठेवण्याची सोय संघाकडे नसते. अमेरिकेत ती सोय आहे. तेथे मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत त्याच संघाच्या ताब्यात राहतो. पहिली साधारण तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात (२०२४ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते), नंतरची तीन वर्षे लवादाच्या धाकाने (वेतनावर एकमत झाले नाही तर लवाद ते ठरवतो) ते वाढत जाते आणि सहा वर्षांनंतर तो खुल्या बाजारात उभा राहतो. एक वर्षाची सेवा म्हणजे १७२ दिवस. संघ लवकर करार करतो तेव्हा पहिली सहा वर्षे त्याच्या हातात तशीही असतातच. त्याला खरे विकत घ्यायचे असते ते सातवे, आठवे, नववे वर्ष, आणि तेही आजच्या भावाने.

खेळाने हा हिशेब फार चांगला मांडला आहे. कराराच्या पानावर प्रत्येक वर्षाचे वेतन वेगळे भरता येते, शेवटची वर्षे संघाच्या मर्जीवर ठेवता येतात, ती नाकारल्यास द्यायची रक्कम ठरवता येते, आणि खेळाडूलाही मध्येच बाहेर पडण्याचा हक्क देता येतो. वर्षे वाढवली की खेळाडूची मागणी बदलते आणि संघाच्या मर्जीची वर्षे जोडली की त्याचा उत्साह ओसरतो. शेजारच्या पानावर पुढील काही हंगामांच्या वेतनखर्चाचा तक्ता असतो. मला वाटते, आमच्या कार्यालयात नव्याने येणाऱ्या मुलांना भविष्यातील देणी म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगले साधन सापडणार नाही. (हे मी भागीदारांना अजून सुचवलेले नाही.)

मी क्लीव्हलंडचा संघ घेतला. एक तर त्याच्याकडे पैसा कमी आहे, आणि दुसरे म्हणजे ही सगळी पद्धत १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथेच त्या वेळचे जनरल मॅनेजर जॉन हार्ट यांनी रुळवली. तरुण खेळाडू महाग होण्याआधीच त्यांना एकत्र बांधून ठेवायचे, हा त्यांचा मार्ग होता. मी तोच गिरवला. एका एकवीस वर्षांच्या सेंटर फील्डरला (मैदानाच्या मधल्या, दूरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाला), ज्याची भावी क्षमता माझ्या स्काउटने, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या माणसाने, २० ते ८० च्या मोजपट्टीवर ७० सांगितली होती, आठ वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर दिले. तिसऱ्या हंगामात त्याचा गुडघा गेला आणि पुढची पाच वर्षे तो माझ्या तक्त्यात गावच्या सोसायटीच्या थकबाकीसारखा बसून राहिला. त्याच सुमारास एका सेकंड बेसमनला (दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला), ज्याच्याविषयी कोणालाच फारसे कौतुक नव्हते, सहा वर्षांसाठी २ कोटी ४० लाखांत घेतले होते. दोन अजिंक्यपदे त्याच्या जोरावर आली. तिसरा एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, त्याने माझे चारही प्रस्ताव नाकारले, सहा वर्षे पूर्ण केली आणि निघून गेला. त्याच्या जाण्याने मी हळहळलो, पण दुसऱ्याच वर्षी नव्या संघात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाल्याची बातमी खेळातल्या वर्तमानपत्रात वाचली आणि, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

या तिन्ही गोष्टी काल्पनिक खेळाडूंच्या असल्या तरी प्रत्यक्षात घडलेल्याच जातीच्या आहेत. टॅम्पा बेने २००८ मध्ये एव्हन लाँगोरियाशी त्याच्या पदार्पणानंतर आठवडाही उलटण्याआधी सहा वर्षांचा १ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला, वर तीन वर्षे आपल्या मर्जीची ठेवली, आणि त्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित ठरून संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत, पोहोचला. ह्यूस्टनने २०१४ मध्ये जॉन सिंगलटनला मेजर लीगमधला एकही चेंडू खेळण्याआधी पाच वर्षांचे १ कोटी डॉलर दिले. त्याची त्या वर्षीची फलंदाजीची सरासरी .१६८ इतकी वाईट राहिली आणि कराराची बरीचशी मुदत त्याने खालच्या लीगमध्ये काढली. फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये स्कॉट किंगरीला पदार्पणापूर्वीच सहा वर्षे आणि २ कोटी ४० लाख दिले, त्याचेही असेच झाले. पिचरच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. अटलांटाने २०२२ मध्ये स्पेन्सर स्ट्रायडरशी सहा वर्षांचा साडेसात कोटींचा करार केला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. खेळातही पिचरचे कोपर आणि खांदा याच बेभरवशाने वागतात. दोन हिवाळ्यांनंतर मी स्वतःपुरता नियम केला आहे की बॅटरशी करार लवकर करावा, पिचरशी वर्षावर्षाने करावा, आणि कितीही मोह झाला तरी पदार्पणापूर्वी कोणाशीच करू नये. मिलवॉकीने जॅक्सन चूरिओला २०२३ च्या डिसेंबरमध्ये पदार्पणापूर्वी आठ वर्षांचे ८ कोटी २० लाख दिले आणि त्याने पहिल्याच हंगामात आपली किंमत दाखवून दिली, हे मला ठाऊक आहे. तरी नियम मी बदललेला नाही.

इथवर खेळाला पूर्ण गुण. माझी तक्रार यापुढची आहे, आणि ती समजावी म्हणून बागेकडे वळावे लागेल.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसू लागले, मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास व्यापारी बांधावर येऊ लागतात. कोणी उभ्या बागेचा भाव आधीच ठरवून इसार देऊन जातो, कोणी तोडणीच्या दिवशीच्या भावाने घेतो. आधी सौदा केला तर भाव कमी मिळतो, पण रात्री ढग आले तरी झोप लागते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गारपीट झाली तेव्हा निफाडकडील ज्या बागांचे घड जमिनीवर आले, त्यांच्या मालकांना ही झोप किती मोलाची असते हे कोणी सांगायला नको. आमचे अण्णा आयुष्यभर लवकर सौदा करत आले. मी एकदा पाच वर्षांचे भाव मांडून त्यांना दाखवले की थांबलो असतो तर पाचपैकी चार वर्षे जास्त पैसे मिळाले असते. ते म्हणाले, “अरे, पावसाला व्यापारी पन भितो अन् आपन पन भितो. पन त्याच्या चाळीस बागा आहेत, आपली एकच आहे.”

लवकर करण्याच्या कराराचे सगळे मर्म या वाक्यात आहे, आणि खेळात नेमके तेच नाही. रोनाल्ड अकुन्याने २०१९ मध्ये एकवीस वर्षांचा असताना आठ वर्षांसाठी १० कोटी डॉलर स्वीकारले आणि पुढची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर सोडली, तेव्हा त्याने स्वतःला स्वस्तात विकले अशी टीका झाली. २०२३ मध्ये त्याने ४१ होमरन मारले, ७३ बेस चोरले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, तेव्हा ती टीका खरीच वाटली. पण व्हेनेझुएलातून आलेल्या या मुलाला पहिल्यांदा संघात घेताना १ लाख डॉलर मिळाले होते, आणि २०२१ व २०२४ असे दोनदा त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले, याही गोष्टी त्याच हिशेबात धराव्या लागतात. उलट कॅन्सस सिटीच्या बॉबी विटला पहिल्या करारावर सही करतानाच पाऊण कोटीहून अधिक डॉलर मिळाले होते, शिवाय वडील स्वतः मेजर लीगचे पिचर होते. त्याने २०२४ मध्ये ११ वर्षांसाठी जवळपास २८ कोटी ९० लाख डॉलर घेतले आणि मध्येच बाहेर पडण्याचे हक्कही लिहून घेतले. हुआन सोटोने २०२२ मध्ये वॉशिंग्टनचा १५ वर्षांचा ४४ कोटींचा प्रस्ताव नाकारला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्क मेट्सकडून तेवढ्याच वर्षांचे साडेशहात्तर कोटी घेतले. ज्याला थांबणे परवडते तो थांबतो. संघाला स्वस्तात मिळते ते ज्याला थांबणे परवडत नाही त्याच्याकडून.

खेळात प्रत्येक खेळाडूच्या स्वभावाचे काही गुण दिलेले असतात. हा निष्ठावान, हा पैशाचा लोभी, याला जिंकणारा संघ हवा, असे शब्द वाचायला मिळतात आणि ते करारावर परिणामही करतात. पण खेळाडूच्या हाती आधी किती पैसा पडला आहे, त्याच्या मागे घर कोणते आहे, याचा त्याच्या मागणीवर काही परिणाम होतो असे मला इतक्या तासांत कुठे जाणवले नाही. माझा सेकंड बेसमन २ कोटी ४० लाखांना ‘निष्ठेमुळे’ तयार झाला असे खेळ सांगतो. मला ते पटत नाही. गरजेला निष्ठा म्हणणे ही व्यापाऱ्याची भाषा झाली.

कॅन्सस सिटीचेच एक जुने प्रकरण या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवते. साल्वाडोर पेरेझ या कॅचरने (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) २०१२ मध्ये पाच वर्षांच्या ७० लाख डॉलरवर सही केली होती, शिवाय तीन वर्षे संघाच्या मर्जीची. तो संघाचा कणा झाला, २०१५ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरीही कागदाप्रमाणे आणखी काही वर्षे किरकोळ पैशांत खेळायला बांधील होता. २०१६ मध्ये संघाने तो कागद बाजूला ठेवला आणि ५ कोटी २५ लाख डॉलरचा पाच वर्षांचा नवा करार दिला. माझ्या सेकंड बेसमनच्या बाबतीत मला तसे करून पाहायचे होते. खेळात तसे करण्याचे एकही कारण मला सापडले नाही: जास्त पैसे दिले असते तर त्याने जास्त धावा काढल्या नसत्या, माझ्या मालकाने मात्र अंदाजपत्रकाविषयी नक्कीच विचारले असते. मी दिले नाहीत.

दुसरी उणीव अशी की करार चुकला तर खेळ पुन्हा मागच्या साठवलेल्या जागेवरून सुरू करता येतो. सेंटर फील्डरचा गुडघा गेला त्या रात्री मी तसे केले, दुसऱ्या वेळी गुडघा शाबूत राहिला, आणि पुढचे चार तास मला खेळण्यात काही रस उरला नाही, म्हणून शेवटी गुडघा गेलेला मूळ डावच पुढे चालवला. सॅन डिएगोने फर्नांडो टाटिसला २०२१ मध्ये १४ वर्षांसाठी ३४ कोटी डॉलर दिले आणि पुढच्याच वर्षी मनगटाचे फ्रॅक्चर व प्रतिबंधित औषधाबद्दल ८० सामन्यांची बंदी, असे दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. टॅम्पा बेने त्याच वर्षी वांडर फ्रँकोला ११ वर्षांचे १८ कोटी २० लाख दिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्यावर गंभीर आरोपांची चौकशी सुरू झाली आणि तेव्हापासून तो संघासाठी खेळलेला नाही. त्या संघांना मागची जागा उघडता आली नाही. ज्यांना या खेळाची खरी चव घ्यायची असेल त्यांनी ही पळवाट वापरू नये, एवढेच सांगतो.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. मी तो इंग्रजीत खेळलो आणि बेसबॉलच्या संज्ञांचे जंगल पहिले पंधरा दिवस अंगावर येते. पडद्यावर तक्तेच तक्ते दिसतात. सामन्याचे चित्रण आहे, पण ते पाहण्यासाठी कोणी हा खेळ घेणार नाही. माझ्या कार्यालयाच्या साध्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालला, फक्त पूर्ण हंगाम एकदम पुढे ढकलताना पंखा जोरात फिरू लागतो. पत्ते विकत घेऊन संघ बांधण्याचा एक ऑनलाइन प्रकारही त्यात आहे, त्यात पैसे घालण्याचा आग्रह होतो. मी त्याकडे फिरकलो नाही. खरेदी करायची असल्यास नव्या आवृत्तीची घाई करू नये, कारण जुन्या आवृत्त्या सवलतीच्या दिवसांत बऱ्याच कमी किमतीत मिळतात आणि कराराचे पान समजून घ्यायला त्या पुरेशा आहेत.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. अण्णांना मी तो सेकंड बेसमन दाखवला, आकडे समजावून सांगितले, त्यांनी चष्मा लावून तक्ता नीट पाहिला आणि विचारले, “याला इसार किती दिला होता?” तो रकाना खेळात नाही, असे सांगावे लागले.