वाइनच्या द्राक्षाला काळं रान की मुरमाड माळ?

सोलापूरकडे वाइनची द्राक्षं लावायची म्हटली की पहिला प्रश्न वाणाचा येतो. शिराज, काबर्ने की शेनिन ब्लां? माझ्या मते वाण नंतर, आधी रान ठरवा. याच जिल्ह्यात मंगळवेढ्याचं खोल काळं ज्वारीचं रान आहे आणि सांगोल्याचा डाळिंबाचा मुरमाड माळही. पाऊस दोन्हीकडे बेताचा, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि परतीचा गाठतो तो नेमका ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे घड धरायच्या छाटणीला.

माझी खायच्या द्राक्षाची जुनी बाग ओढ्याकडेच्या काळ्या रानात आहे. वाइनची मी माळावर लावली.

काळ्या रानाचे गुण नाकारत नाही. उन्हाळ्यात ते ताण सोसतं, ड्रिप एखादा दिवस चुकलं तरी वेल मान टाकत नाही, टनेज भरपूर. पण वाइनला मणी बारीक, साल जाड आणि गोडी साधारण २२ ते २४ ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) लागते, तिथे फुगलेल्या मण्याचं कौतुक कुणाला? शिवाय खरड छाटणीनंतर, म्हणजे नवी काडी घ्यायच्या उन्हाळी छाटणीनंतर, ४० ते ६० दिवसांत काडीत घडनिर्मिती होते. तेव्हा जोम आवरायला हवा, डोळ्यावर ऊन पडायला हवं. काळ्या रानात शेंडे मारून माणूस थकतो, वेल थकत नाही. एवढं मी चालवूनही घेतलं असतं.

नडला तो वाफसा, म्हणजे पावसानंतर रान आत शिरण्याजोगं होणं. छाटणी झालेली, कोवळी पालवी निघालेली आणि रात्री परतीचा सडाका. डाऊनीचं (केवडा या बुरशी रोगाचं) औषध लगेच पडायला हवं. पानावर तेलकट डाग दिसेपर्यंत थांबलात तर खालून पांढरी बुरशी आलीच, आणि तिथून ती घडावर उतरते. इकडे फवारणीचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर बांधावर उभा. आत घातला तर चाकं रुततात. पाठीवर पंप देऊन माणसं घालावीत, तर बुटाला चिकटलेल्या चिखलाने पाऊल उचलत नाही. ढगाळ हवा आणि मुळाशी पाणी असलं की घड जिरून त्याची बाळी (नुसता वेलीचा ताणा) होते, ते वेगळंच. माळावर असा पाऊस झाला तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आत जातो. मोजमाप ठेवलेलं नाही, पण औषधाच्या दुकानातली उधारी मला पुरेसं सांगते.

माळाचं दुखणं मे महिन्यात कळतं. उथळ मातीत पाणी टिकत नाही, खतही थोडंथोडं ड्रिपमधूनच द्यावं लागतं. मालही कमी निघतो, त्यामुळे दर फक्त वजनावर ठरणार असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. मार्चच्या उन्हात आंबटपणा भराभर उतरतो, तोडणी लांबवून चालत नाही.

आपल्याकडे वाइन होते का, ही शंका मात्र सोडा. अकलूजजवळ मोटेवाडीत फ्रातेली या वाइन कंपनीच्या बागा आहेत, आणि इटलीतल्या टस्कनीचा सान्जोव्हेसे हा वाण माळशिरस तालुक्यात पिकतो. नाशिकचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका एवढंच. ते आपल्यापेक्षा उंचावर आहे.

काळंच रान असेल तर बोद (वेलीच्या ओळीचा मातीचा वरंबा) उंच घ्या, पाणी निघून जायला चर काढा आणि ज्यावर कलम बांधतात तो खुंट डॉगरिजऐवजी ११०-आरसारखा, त्याच्यापेक्षा कमी जोमाचा, विचारून बघा. दोन्ही असेल तर मी माळाकडे झुकेन. फक्त शेततळं भरल्याशिवाय तिथे लागवडीचे खड्डे घेऊ नका.