हेवी बॉडी, फ्लुइड की स्टुडंट ग्रेड? दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या डिसेंबरपासून यंदाच्या सप्टेंबरअखेरपर्यंत मी तीन प्रकारचे ॲक्रिलिक रंग आलटूनपालटून वापरले: ट्यूबमधले घट्ट हेवी बॉडी, बाटलीतले पातळ फ्लुइड आणि शिकणाऱ्यांसाठी म्हणून विकले जाणारे स्टुडंट ग्रेड. चित्रविषय बहुतेक वेळा एकच होता, वाईजवळचा मेणवलीचा घाट. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, त्यांवर पडलेली झाडांची सावली आणि खाली कृष्णेचे संथ पाणी, हे सगळे एकाच चौकटीत मिळत असल्यामुळे रंगांची तुलना करायला याहून सोयीची जागा मला मिळाली नसती. एकाच विषयाची चौदा चित्रे पूर्ण झाल्यावर जे हाती लागले ते सविस्तर लिहिते आहे, कारण सुरुवातीला मी स्वतः ज्या गैरसमजापोटी पैसे खर्च केले, तोच गैरसमज दुकानात आजही वारंवार ऐकू येतो.

तो गैरसमज असा की, घट्ट रंग म्हणजे उंची रंग आणि पातळ रंग म्हणजे त्यातच पाणी घालून वाढवलेला. प्रत्यक्षात घट्टपणा आणि दर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ॲक्रिलिक रंगात पाण्यात विखुरलेले ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण आणि रंगद्रव्य एकत्र असते. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटतात आणि रंगद्रव्याला धरून ठेवणारा लवचीक थर तयार होतो. रंग लोण्यासारखा राहील की ओघळेल, हे प्रामुख्याने त्यात दाटपणासाठी घातलेल्या घटकांवर ठरते. म्हणूनच चांगल्या प्रतीच्या फ्लुइड रंगात हेवी बॉडीच्या तोडीचे रंगद्रव्य असू शकते, आणि उलट एखादी स्टुडंट ग्रेडची ट्यूब चांगली घट्ट असूनही तिच्यात रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त असू शकते. १९५५ मध्ये अमेरिकेत लिक्विटेक्स या नावाने चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग बाजारात आला, तोही ओतता येण्याजोगा पातळच होता. पातळपणाला भेसळीची खूण समजायचे कारण नाही.

हे मी घरी पडताळून पाहिले. तिन्ही प्रकारांतला अल्ट्रामरीन निळा घेतला, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून प्रत्येकाच्या एका भागात एकाच ट्यूबमधला दहा भाग टायटॅनियम पांढरा मिसळला आणि जाड कागदावर शेजारीशेजारी पट्टे ओढले. हेवी बॉडी आणि फ्लुइड यांच्या आकाशी छटा वाळल्यावर जवळजवळ ओळखू येईनात इतक्या सारख्या निघाल्या. स्टुडंट ग्रेडचा पट्टा मात्र वर्षभर धुतलेल्या गणवेशासारखा विटका आणि पिठूळ दिसला. ही चाचणी करायला अर्धा तास पुरतो आणि ती प्रत्येकाने मोठी खरेदी करण्यापूर्वी करावी, असे मला मनापासून वाटते.

घाटाच्या पायऱ्यांसाठी हेवी बॉडीला पर्याय नाही, या निष्कर्षावर मी दुसऱ्याच चित्रात आले. पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) ओढलेला रंग जसाच्या तसा उभा राहतो, ताठ केसांच्या ब्रशचे ओरखडे त्यात टिकतात आणि झिजलेल्या दगडाची कड वेगळी रेखाटावी लागत नाही. हा पाषाण रंगवताना काळी ट्यूब मी उघडतच नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो काळपट रंग होतो, त्यात निळा थोडा वाढवला की सावलीतली पायरी आणि अंबर वाढवला की उन्हातली पायरी मिळते. एक अडचण मात्र मला बरेच दिवस छळत होती. आदल्या दिवशीच्या पायरीशी अगदी जुळवून लावलेला रंग दुसऱ्या दिवशी ठिगळासारखा गडद दिसायचा. ॲक्रिलिकचे माध्यम, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा भाग, ओले असताना दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, त्यामुळे ओल्या रंगाची उजळ छटा फसवी असते. आता मी मिश्रणाचा एक फराटा कागदावर ओढते, हेअर ड्रायरने वाळवते आणि तो कागद चित्राला टेकवून पाहिल्याशिवाय ब्रश लावत नाही.

एप्रिलमध्ये साताऱ्याच्या कोरड्या दुपारी पॅलेटवरच्या रंगावर दहा मिनिटांत साय धरते. यावर उपाय म्हणून स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी व्यवस्था मी केली आहे. झाकण लावले की रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

चित्रातले नदीचे पाणी रंगवण्यासाठी सुरुवातीला मी हेवी बॉडीमध्येच भरपूर पाणी घालून पातळ थर देत असे. ते थर वाळल्यावर डागाळलेले दिसले आणि ओल्या फडक्याने पुसताच रंग फडक्याला आला. पाणी फार झाले की रंगद्रव्याला धरून ठेवणारे माध्यमच विरळ होते. कागद रंग शोषून घेतो म्हणून तिथे हे थोडेफार खपते, पण जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर) लावलेल्या कॅनव्हासवर खपत नाही. फ्लुइड रंगाचे तीन थेंब ग्लेझिंग मीडियममध्ये (पारदर्शक थरांसाठी रंगात मिसळायच्या द्रवात) मिसळले तेव्हा पहिल्यांदा मला हवे तसे पाणी मिळाले: खालची पायरी दिसते आहे आणि वर हिरवट निळी झाक आहे. झाडांच्या बारीक फांद्यांसाठीही फ्लुइडच उत्तम, कारण ब्रश पुन्हा पुन्हा न बुडवता लांब, अखंड रेघ ओढता येते.

स्टुडंट ग्रेडला मी नावे ठेवणार नाही. पहिला आराखडा, मोठ्या कॅनव्हासचा खालचा थर आणि रोजचा सराव यासाठी मी तोच वापरते आणि पुढेही वापरणार आहे. अंतिम थराला मात्र जिथे एका हाताने काम भागते तिथे त्याचे तीन हात द्यावे लागतात, त्यामुळे ट्यूब स्वस्त असली तरी चित्र तितके स्वस्त पडत नाही. ॲक्रिलिक गुवाशही थोडा वापरला. मॅट, सपाट आणि अपारदर्शक रंगासाठी तो छान आहे, पण नेहमीच्या गुवाशसारखा (अपारदर्शक जलरंगासारखा) वाळल्यावर पाण्याने पुन्हा सुटत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठे नुकसान पावसाळ्यात झाले. जुलैमध्ये दोन चित्रे समोरासमोर टेकवून कपाटात ठेवली आणि तीन आठवड्यांनी वेगळी केली, तेव्हा एका घाटाच्या दोन पायऱ्या सोलून दुसऱ्या चित्राला चिकटलेल्या होत्या. हेवी बॉडीचा जाड थर वरून कोरडा लागला तरी आतून पूर्ण वाळायला कित्येक आठवडे घेतो, दमट हवेत आणखी जास्त. शिवाय वाळलेला ॲक्रिलिक थरही काहीसा मऊच राहतो आणि दाब पडला की चिकटतो. त्यानंतर चित्रे मी उभी, मध्ये हवा खेळेल इतके अंतर सोडून ठेवते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बारा रंगांचा संच घेण्याऐवजी आर्टिस्ट ग्रेडचे (स्टुडंट ग्रेडच्या वरच्या दर्जाचे) पाच रंग घ्यावेत: अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, एक पिवळा, एक लाल आणि टायटॅनियम पांढरा. पांढरा सर्वांत आधी संपतो, म्हणून त्याची मोठी ट्यूब घ्यावी. घेताना ट्यूबच्या मागे छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ हा एकच क्रमांक असायला हवा, आणि नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरे वापरून ती छटा साधलेली आहे, असे समजावे. क्रमांकच छापलेला नसेल, तर ती ट्यूब मी आता परत ठेवते.