एफएफएमपेग: काम एक नंबर, फक्त डिफॉल्ट सेटिंगवर डोळे झाकून विश्वास नको

लिनक्स असो, बीएसडी असो नाहीतर मॅक, ऑडिओ कन्व्हर्ट करायला मी एफएफएमपेग हे कमांड टाइप करून चालवायचं टूलच वापरतो. २००० सालापासून चालू असलेलं प्रोजेक्ट, फुकट, आणि खात नाही असा फॉरमॅट शोधून सापडणं मुश्किल. इनपुट द्या, आउटपुटचं नाव द्या, एक्स्टेंशन बघून बाकीचं ते स्वतः ठरवतं.

पण घोळ इथेच आहे. २४ बिटची फ्लॅक (क्वालिटी न घालवता दाबलेली) फाइल नुसती वेव्हमध्ये (न दाबलेली) काढायला सांगितली तर गुपचूप १६ बिटची करून देतं, ना एरर ना काही, पीसीएम (न दाबलेला कच्चा आवाज) २४ बिट असं आपण कोडेकमध्ये, म्हणजे आवाज साठवायच्या पद्धतीत, स्पष्ट सांगावं लागतं. एमपीथ्रीचंही तेच, काही सांगितलं नाही तर १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), म्हणून क्वालिटी २ टाकायची सवय लावून घ्या, मग व्हीबीआरमध्ये (गरजेनुसार बदलता बिटरेट) साधारण १९० च्या आसपास मिळतं आणि ऐकायला मस्त. आणि एमपीफोर व्हिडिओतला एएसी फॉरमॅटचा आवाज फक्त वेगळा काढायचाय तर कन्व्हर्ट करूच नका ना राव, व्हिडिओ बंद, कोडेक कॉपी, आउटपुट एमफोरए (नुसत्या आवाजाची फाइल), काही सेकंदात काम होतं आणि क्वालिटी जशीच्या तशी. एमपीथ्रीचं फ्लॅक करणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार, फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

अख्खं फोल्डर असेल तर बॅशचा (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा शेल) फॉर लूप बरा, एकेक फाइल आपोआप घेतो. यादीतून एकेक नाव वाचणारा व्हाइल रीड लूप लावलात तर एफएफएमपेग स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे ती यादी जिथून येते तिथूनच, पुढच्या फाइलींची नावंच गिळतं, मग पहिली फाइल नीट होते आणि दुसरीला अर्धवट नाव दाखवून 'नो सच फाइल' म्हणतं. नोस्टडिन (स्टँडर्ड इनपुट वाचू नको) ऑप्शन टाकला की गप्प बसतं. डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे हो, पण एवढं लांबलचक की वाचता वाचता झोप येते.

सॉक्स हे दुसरं ऑडिओ टूल पण चांगलंय, सॅम्पल रेट बदलायला किंवा सायलेन्स कापायला मला तेच जास्त आवडतं, पण एएसीला हात लावत नाही आणि डेबियन लिनक्सवर एमपीथ्रीसाठी वेगळं पॅकेज टाकावं लागतं. फ्लॅकवरून ओपस फॉरमॅट करायचं असेल तर मात्र मी ओपसएन्क हे ओपसचंच टूल घेतो, टॅग आणि कव्हर फोटो दोन्ही न सांगता सोबत येतात.