एलटीस्पाइसवर बीएलडीसी मोटर चालवून बघितली, रिपेअरिंगवाल्यांनी घ्यावंच असं सॉफ्टवेअर

जालन्यात आमचं ई-स्कूटर रिपेअरिंगचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या कंट्रोलरचे मॉसफेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तीनदा उडाले, दर वेळी नवीन टाकायचे अन् आठ दिवसात परत तेच. शेवटी भाच्याने, डिप्लोमाला आहे तो, म्हणला मामा हे आधी कॉम्प्युटरवर जाळून बघू. एलटीस्पाइस, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या साइटवरून घेतलं, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं.

यात बीएलडीसी, म्हणजे ई-स्कूटरची बिनब्रशची मोटर, तयार मिळत नाही, ती आपणच बांधायची, अन् खरं शिक्षण तिथंच होतं. एका फेजला (मोटरच्या तीन वाइंडिंगपैकी एक) एक रेझिस्टर, एक कॉइल अन् एक बॅक ईएमएफचा, म्हणजे मोटर फिरताना स्वतः तयार करते त्या उलट्या व्होल्टेजचा, सोर्स, असे तीन फेज स्टारमध्ये, म्हणजे एक-एक टोक एकत्र जोडून. स्पीड म्हणजे एका नोडचं व्होल्टेज, टॉर्क म्हणजे त्या नोडमध्ये येणारा करंट, अन् चाकाचं इनर्शिया म्हणजे कपॅसिटर, लई भारी युक्ती आहे बघा ही! बॅक ईएमएफचा ट्रॅपेझॉइड, म्हणजे माथा सपाट असलेला आकार, मिळवायला साइनला २ ने गुणायचं अन् ±१ ला कापायचं, ३० ते १५० अंश बरोबर सपाट मिळतं. टॉर्क काढताना पॉवर भागिले स्पीड करू नका, सुरुवातीला स्पीड शून्य असतो अन् सगळं तिथंच अडकतं, डायरेक्ट करंट गुणिले केटी (मोटरचा टॉर्क कॉन्स्टंट) घ्या.

रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरवर नीट येत नाही. सप्लायमधून दोन वायरीत ५ अँपिअर सोडले, ०.९ व्होल्ट पडले, म्हणजे ०.१८ ओहम, एका फेजचे त्याच्या निम्मे. आता चाक थांबलेलं असताना बॅक ईएमएफ नसतोच, मग ४८ व्होल्टवर करंट लिमिट नसेल तर २६० च्या वर अँपिअर! ग्राफवर ते बघून मी गप्पच बसलो.

पण आमचं दुखणं वेगळंच निघालं. सगळं आयडियल ठेवलं तर मॉसफेट मस्त चालायले होते. मग बॅटरीच्या वायरीचं ०.२ मायक्रोहेन्री इंडक्टन्स टाकलं अन् मॉसफेटजवळचा कपॅसिटर काढला, तर ४० अँपिअर ०.१ मायक्रोसेकंदात बंद होताना ८० व्होल्टचा झटका, फुल चार्ज बॅटरीचे ५४.६ व्होल्ट त्यात आणखी, अन् मॉसफेट झेपवतो फक्त ७५ व्होल्ट. कंट्रोलर उघडला तर कपॅसिटर खरंच सुकलेला. तो बदलला, वायरी आखूड केल्या, दिवाळीपासून गाडी चालायलीय.

त्रास एकच, पीडब्ल्यूएम, म्हणजे मॉसफेट भराभर चालू-बंद करणं, टाकलं की एक सेकंदाचं चालवायला लई वेळ लागतो. इनर्शियाचा कपॅसिटर लहान करा नायतर सुरुवातीचा स्पीड डायरेक्ट देऊन टाका. अन् हॉल सेन्सरचं (रोटर कुठं आहे ते सांगणारा सेन्सर) लॉजिक एकदम उभं ठेवू नका, थोडा उतार द्या, नायतर टाइमस्टेपची एरर येते.

आणखी एक, मोटर तापते ते सॉफ्टवेअर स्वतःहून धरत नाही. तांबं १०० डिग्रीला गेलं की रेझिस्टन्स ३० टक्क्यांच्या आसपास वाढतो, अन् आपल्याकडचा मे महिना तर माहितीच आहे, म्हणून मी तेवढा रेझिस्टन्स वाढवून दर वेळी परत एकदा चालवून बघतो.